जांभळ्या बाईची ओळखपरेड

नजरेच्या बाबतीत मी कुणाला हार जात नाही! आता हे माझं मीच सांगणं बरं दिसत नाही, पण दुसरं कुणी सांगेल म्हणून किती वाट बघायची? माझं चष्म्याचं दुकान आहे. भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात खालची बारीक ओळ, जी बघून भल्याभल्यांना घाम फुटतो, ती मी गल्ल्यावर बसल्या बसल्या घडाघडा म्हणून दाखवतो. "पाठ झालीय तुम्हाला ती," असं बायको म्हणते. बायका काय, काहीही म्हणतात.

आणि तिकिटांच्या बाबतीत तर विचारूच नका. मी टपालाची तिकिटं जमवतो. पाकिटाचा कोपरा कापायचा, वाटीत पाणी घ्यायचं, कोपरा त्यात सोडायचा. जरा वेळानं तिकीट कागदापासून आपसूक सुटतं. मग टिपकागदात दाबून वाळवायचं आणि वहीत लावायचं. लहानपणापासून हात बसलाय. झोपेत सांगितलंत तरी करीन.

माझ्या सासऱ्यांना मात्र टपालाच्या तिकिटांत काडीचा रस नाही. "पत्रावरचं तिकीट काय, कुणीही जमवतं!" असं म्हणून ते माझ्या वह्यांकडे अशा नजरेनं बघतात, की जणू मी रिकामी बुचं गोळा केली आहेत. त्यांना लागतात ती टपालाशी काडीचा संबंध नसलेली तिकिटं. जुन्या युरोपातली सरकारं वाटेल त्यावर कर घ्यायची. दस्तावर कर, पावतीवर कर, काडेपेटीवर कर, पत्त्यांच्या जोडावर कर, इतकंच काय, कुत्र्यावर कर! आणि कर भरला की चिकटव तिकीट! ही झाली रेव्हेन्यू तिकिटं. शिवाय नुसती लेबलं वेगळीच. प्रदर्शनांची, धर्मादाय संस्थांची, हॉटेलवाले प्रवाशांच्या ट्रंकांवर डकवायचे ती. सासऱ्यांची उभी हयात नोंदणी कार्यालयात दस्तांवर तिकिटं डकवण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर माणसानं जे सुटलं म्हणून सुस्कारा सोडायचा, तेच त्यांनी छंद म्हणून धरलं.

लग्न झाल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा कुत्र्याच्या कराचं तिकीट दाखवलं, तेव्हा मी आदरानं विचारलं होतं, "बाबा, हे कुत्र्याच्या नेमकं कुठं चिकटवायचे?" त्यांनी वही मिटली. माझ्याविषयीचं त्यांचं मत तेव्हापासून जे बसलं, ते बसलंच.

तर या सासऱ्यांच्या संग्रहात एक जांभळं तिकीट होतं. अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठं, एका पिवळट कागदाच्या तुकड्याला चिकटलेलं. त्यावर एक बाई बसलेली. अंगाभोवती वस्त्र गुंडाळलेलं, एक हात पुढे, आणि त्या हातात काहीतरी. काय, ते कळत नव्हतं, कारण नेमका तिथंच काळ्या शिक्क्याचा डाग पडलेला. देशाचं नावही त्याच डागाखाली. सासऱ्यांचं म्हणणं, ही न्यायदेवता, हातात तराजू, आणि हे अत्यंत दुर्मिळ रेव्हेन्यू तिकीट.

हे म्हणणं मान्य नसलेला माणूस जगात एकच होता. वकीलसाहेब! तिकीटसंग्राहक मंडळातला सासऱ्यांचा सगळ्यात जुना सोबती आणि सगळ्यात जुना वैरी. झुपकेदार मिश्या, आवाज भारदस्त, आणि समोरच्यानं 'सकाळ झाली' म्हटलं तरी 'हरकत!' म्हणायची सवय.

"ती न्यायदेवता नाहीय हो!" वकीलसाहेब दर बैठकीत म्हणायचे. "ती न्हाऊन आलेली बाई आहे. अंगाला पंचा गुंडाळलाय, दिसत नाही का? आणि हातात तराजू नाही, साबणदाणी आहे. हे साबणाच्या वडीवरचं लेबल आहे!"

"लेबलाला कधी शिक्का असतो का?" सासरे लाल व्हायचे.

"दुकानदाराचा असेल. उधारी वसूल झाली असेल!"

हा वाद इतका जुना झाला होता, की नवीन सभासद आला की त्याला आधी मंडळाची घटना देत आणि मग हा वाद समजावून सांगत. पण यंदा मंडळाचं प्रदर्शन ठरलं आणि चिटणीसांचा धीर सुटला. त्यांनी दोन टेबलं जाहीर केली. एक रेव्हेन्यू तिकिटांचं, एक लेबलांचं. "शनिवारच्या बैठकीत या बाईचा निकाल लावा," ते म्हणाले. "सिद्ध झालं तर ती पहिल्या टेबलावर. नाही झालं तर दुसऱ्यावर, चॉकलेटच्या वेष्टनांशेजारी!"

त्यावर सासरे ताडकन उठले. "माझी न्यायदेवता वेष्टनांशेजारी बसली, तर मी मंडळाची पायरी पुन्हा चढणार नाही!"

आणि सासरे बोलले की बोलले. आमच्या घरी हे कळलं तेव्हा बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं. सासूबाई गेल्यापासून ते एकटे राहतात. आठवड्यातून एकदा ते मंडळात जातात, भांडतात, आणि त्या भांडणाच्या जोरावर पुढचा आठवडा ताजेतवाने राहतात. "मंडळ सुटलं तर बाबा नुसते भिंतीकडे बघत बसतील हो," ती म्हणाली. "काहीतरी करा ना. एवढी नजर आहे म्हणता!"

झालं! नजरेचा विषय निघाल्यावर मी मागे हटणार होय?

शुक्रवारी सकाळी सासरे स्वतः दुकानात आले. कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट, पाकिटातून दुसरं पाकीट, त्यातून ती बाई. "जावईबापू, तुमच्या दुकानातला दिवा चांगला आहे. शिक्क्याखालची अक्षरं दिसतात का बघा. चिमट्यानं धरा, बोटं लावू नका. दमट हवेत ठेवू नका. शिंक आली तर तोंड फिरवा."

"बाबा, निर्धास्त राहा!" मी म्हणालो. "उद्याच्या बैठकीला मी तुम्हाला देशाचं नाव, कराचं नाव, सगळं आणून देतो. बाईचं माहेरसुद्धा शोधून काढतो!"

ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. जाताना पाठीवर हात ठेवून गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! माझी छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण तुटायचंच काय ते राहिलं.

दिवसभर मी भिंग लावून बसलो. गिऱ्हाईक आलं, त्याला वाचायचा चष्मा हवा होता, लांबचा देऊन बसलो. पण शिक्क्याखाली काही केल्या दिसेना. संध्याकाळी तिकीट घरी आणलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिव्यासमोर धरलं, आणि चमकलो! तिकिटाच्या पाठीमागे, म्हणजे ज्या कागदावर ते चिकटलं होतं त्याच्यावर, शाईनं लिहिलेली ओळ होती. ती तिकिटाच्या खालून आरपार गेलेली! म्हणजे कुठल्या दस्तावरचं तिकीट ते त्या ओळीत असणार. ओळ वाचायची तर तिकीट कागदावरून सुटायला हवं. आणि तिकीट सोडवणं म्हणजे तर माझ्या डाव्या हातचा मळ!

वाटी घेतली. पाणी घेतलं. तिकिटाचा तुकडा त्यात सोडला.

आधी बाईच्या पायापासून एक जांभळी रेघ निघाली. मला वाटलं, धूळ असेल. मग तिचे पाय गेले. मग वस्त्र गेलं. मी चिमटा शोधेपर्यंत कंबर गेली, चिमटा सापडेपर्यंत खांदे गेले. शेवटी मी चिमटा फेकला आणि दोन्ही हात वाटीत घातले, पण काय उपयोग? हातात आला तो छिद्रांच्या कडा असलेला एक पांढरा चौकोन, त्यावर काळा शिक्का, आणि बाकी शुकशुकाट! बाई विरघळून गेली होती. आणि कागदावरची ती ओळ? तीही धुऊन निघाली.

एवढंसं तिकीट, पण रंग केवढा! वाटीभर पाणी गडद जांभळं, आणि माझी दहाही बोटं नखांपर्यंत जांभळी. साबण लावला, दगडानं घासलं, काही फरक नाही.

तेवढ्यात बायको आली. वाटीकडे बघून म्हणाली, "हे काय? कपडा रंगवताय का कुठला?"

मी पांढरा चौकोन दाखवला. तिनं तो उलटासुलटा करून बघितला. "बाई कुठाय?"

मी वाटीकडे बोट दाखवलं.

ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "अहो, त्यांना आधी विचारायचं तरी!"

"टपालाची तिकिटं आपण अशीच सोडवतो की!"

"हे टपालाचं आहे का? बाबा जन्मभर ओरडून काय सांगताहेत, हे टपालाचं नाही म्हणून!"

मुद्दा बरोबर होता. म्हणून मी विषय बदलला. मुलीची रंगपेटी शोधून काढली, जांभळी पेन्सिल टोकदार केली आणि भिंगाखाली बाई पुन्हा काढायला बसलो. आठवेल तशी काढली. डोकं काढलं, वस्त्र काढलं, हात काढला. शिक्क्याच्या डागाला चुकवायच्या नादात नाकाखाली पेन्सिल जरा जास्त फिरली. बायकोनं वाकून बघितलं.

"हिला मिशी का?"

बघतो तर काय, हुबेहूब वकीलसाहेब! पंचा गुंडाळून बसलेले! मी रबर घेतलं, तर खालचा कागद निघायला लागला. नको रे बाबा! जेवढी मिशी पुसली गेली तेवढी पुसून हात आवरता घेतला.

आणि नेमकी दारावरची घंटा वाजली. सासरे! "इकडून जात होतो, म्हटलं काही दिसलं का विचारावं."

मी चौकोन खिशात टाकला, वाटी ओट्यामागे सरकवली आणि हात पाठीमागे घेतले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, माझ्या मनात तर लख्ख ऊन पडलं होतं.

"हात मागे का?" सासऱ्यांनी विचारलं.

"थंडी वाजतेय."

त्यांनी माझा हात पुढे ओढला. बोटं बघितली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, यांचे हात जांभळे पडलेत! रक्त पोचत नाहीय यांच्या बोटांत!"

"तसं काही नाही बाबा..." बायको म्हणाली.

"तू गप्प बस! तुझ्या आईच्या वेळी पण तू असंच म्हणाली होतीस. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना बोलव!"

आता सांगायचं तर तिकिटाचं सांगावं लागणार. न सांगायचं तर आजारी पडावं लागणार. मी आजारी पडलो.

डॉक्टर आले. त्यांनी नाडी धरली. सासरे समोर उभे, खिशात ती मिशीवाली बाई, नाडी काय शांत असणार? घोड्यासारखी धावत होती. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "ठोके फारच वाढलेत. काही काळजी आहे का मनावर?"

"आहे," बायको म्हणाली.

"झोपून राहा. बोलू नका. हात गरम ठेवा." आणि माझ्या दोन्ही हातांवर लोकरीचे मोजे चढले. पायांचे! हातांचे घरात नव्हते.

डॉक्टर गेले. मला वाटलं, सासरेही जातील. पण ते खुर्ची ओढून पलंगाशेजारी बसले आणि मोज्यातला माझा हात हातात घेतला. "तिकिटाची चिंता करू नका, जावईबापू. माणूस महत्त्वाचा. माझ्यामुळेच तुमच्या जिवावर ताण आला."

बोलून दाखवता येत नाही, पण त्या क्षणी मला रडू आलं. हा माणूस एरवी मला दाराची कडी नीट लावता येत नाही म्हणून बोलतो, आणि आज माझा मोजा कुरवाळत होता.

"खरं सांगू का," ते हळू आवाजात म्हणाले, "ते तिकीट खरं की खोटं, हे मला एका क्षणात कळू शकतं. आमच्या कार्यालयात लोक काय करायचे, ठाऊक आहे? वापरलेलं तिकीट धुवायचे, शिक्का घालवायचे आणि पुन्हा लावायचे. सरकार काही दूधखुळं नाही. तिकिटांची शाईच अशी करतात, की पाणी लागलं की वाहून जाईल. धुवायला गेलात तर शिक्का राहतो आणि तिकीट जातं! साबणवाल्याला कशाला हवीय असली शाई? त्याचं लेबल तर ओल्या हातात टिकायला पाहिजे."

मी उठून बसलो. "म्हणजे... पाण्यात घातलं आणि रंग गेला, तर ते खरं?"

"शंभर टक्के खरं! पण मग उरलं काय? किती वेळा ती बाई समोर ठेवून, पाण्याचा पेला घेऊन बसलोय मी. हिंमत झाली नाही. ती खरी आहे हे कळायचं, तर तिला घालवून बसायचं. कळून घेऊ, की जपून ठेवू? ही होती तेव्हा म्हणायची, जपा. म्हणून जपली."

'ही' म्हणजे सासूबाई.

"बाबा," मी घसा खाकरून म्हणालो, "समजा, चुकून, एखाद्यानं ती पाण्यात घातलीच..."

"तर त्याला मी जन्मात दारात उभं करणार नाही," ते शांतपणे म्हणाले आणि माझं पांघरूण नीट केलं.

घ्या! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! सासऱ्यांचं म्हणणं खरं निघालं होतं. वकीलसाहेब साफ हरले होते. एवढ्या वर्षांच्या वादाचा निकाल लागला होता, आणि तो माहीत असलेला माणूस पायमोजे हातात घालून पडला होता!

दुसऱ्या दिवशी मी बैठकीला गेलोच. बायकोनं सांगितलं, "गेला नाहीत तर मी सांगेन." सासऱ्यांनी मात्र माझं फार कौतुक केलं. अंगात बळ नसताना आले म्हणाले.

मंडळाची खोली एका ड्रायक्लीनरच्या दुकानावर आहे. खालून वाफेचा वास येतो, खिडक्या कायम धुरकट. लांब टेबल, त्याभोवती सभासद, एका टोकाला सासरे, दुसऱ्या टोकाला वकीलसाहेब. माझे हात कोटाच्या खिशात.

"हं, काय सांगतेय तुमची साबणदाणीवाली?" वकीलसाहेबांनी सुरुवात केली.

सासरे उठले. "माझ्या जावयांची तब्येत बरी नसल्यामुळे तपासणी पूर्ण झालेली नाही. मला मुदत हवी."

"हरकत! मुदत किती पिढ्यांची?"

सभासद हसले. चिटणीसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "साहेब, यादी छापायला जायचीय. पुरावा असेल तर आत्ता द्या. नसेल तर नाइलाज आहे. लेबलांचं टेबल."

भिंतीवरच्या फळीवर सासऱ्यांचा संग्रह तयार करून ठेवला होता. ते हळूहळू तिकडे गेले आणि मंडळ सोडायचं म्हणून एकेक पान काढून घ्यायला लागले. एक टाचणी खाली पडली, ती उचलायला ते वाकले, आणि उठताना त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. मला ते बघवेना.

"थांबा!" मी ओरडलो. "ते रेव्हेन्यू तिकीटच आहे!"

"कशावरून?" वकीलसाहेब गरजले.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी खिशातून दोन्ही हात काढले आणि दहा बोटं त्यांच्या नाकासमोर धरली. मग पांढरा चौकोन टेबलावर ठेवला. अर्धवट पुसलेल्या मिशीसकट.

खालच्या इस्त्रीचा फुस्स आवाज तेवढा ऐकू आला. सासरे चौकोनाजवळ आले. त्यांनी भिंग काढलं. चौकोन बघितला, माझी बोटं बघितली. मी डोळे मिटून घेतले.

"गार पाण्यात, की कोमट?" सासऱ्यांनी विचारलं.

"अं? गार."

"साबण?"

"नाही. नुसतं नळाचं."

"किती वेळ लागला?"

"चिमटा सापडेपर्यंत..."

"आणि शिक्का टिकला!" त्यांचा आवाज चिरकला. "वकील, बघा! शिक्का टिकला, तिकीट गेलं! नुसत्या गार पाण्यात! सरकारी शाई! खरी होती हो, माझी बाई खरी होती!" आणि त्यांनी मला, मला, सगळ्यांदेखत मिठी मारली. "जे माझ्यानं झालं नाही ते तुम्ही केलंत. मूर्खपणानं केलंत, पण केलंत!"

सभासदांनी टाळ्या वाजवल्या. चिटणीसांनी लगेच लिहून टाकलं. रेव्हेन्यूचं टेबल! मी विजयानं वकीलसाहेबांकडे बघितलं, तर 'हरकत!' नाही, मिशीवर ताव नाही, काही नाही. ते आपलं खिशातून पाकीट काढत होते. पाकिटातून दुसरं पाकीट. त्यातून त्यांनी चिमट्यानं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं.

तीच बाई! जांभळीगर्द, टवटवीत! शिक्का कोपऱ्यात, आणि हातात लखलखीत तराजू! वरची कड तेवढी फाटलेली, त्यामुळे देशाचं नाव हिलाही नव्हतं.

"तुमच्याकडे होतं?" सासरे खुर्चीत बसले. "एवढी वर्षं? आणि साबणदाणी म्हणत होतात?"

"खरं की लेबल, ते मलाही कळत नव्हतं ना!" वकीलसाहेब म्हणाले. "भिजवायची माझी छाती होईना. म्हटलं, तुम्हाला डिवचत राहावं. एक दिवस संतापून तुम्ही तुमचं भिजवाल आणि मला आयतं कळेल. जावई भिजवतील असं मात्र वाटलं नव्हतं." मग मिशीवर ताव देऊन म्हणाले, "म्हणजे आता हे एकच उरलं. आणि ते माझं!"

सासऱ्यांनी भिंग उचललं. फार वेळ ते त्या बाईकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार.

"नक्कल आहे," सासरे म्हणाले.

"काय?"

"माझं खरं होतं. पाण्यानं सिद्ध झालं. तुमचं कशावरून खरं? चिटणीस, काय नियम आहे?"

चिटणीस अडखळले. "सिद्ध झालं तर पहिलं टेबल. नाही झालं तर... दुसरं."

"मग करा सिद्ध, वकील! वाटी मागवू?"

वकीलसाहेबांनी बाई छातीशी धरली आणि एकदम माझ्याकडे बघितलं. सासऱ्यांनीही माझ्याकडे बघितलं. मग सगळ्या मंडळानं. मी गुपचूप दोन्ही हात पुन्हा खिशात घातले.

प्रदर्शन थाटात झालं. रेव्हेन्यूच्या टेबलावर मधोमध सासऱ्यांचा कोरा चौकोन, खाली चिठ्ठी, 'अस्सल'. लेबलांच्या टेबलावर, चॉकलेटच्या वेष्टनांशेजारी, वकीलसाहेबांची जांभळीगर्द न्यायदेवता, खाली चिठ्ठी, 'खात्री नाही'. लोक कोऱ्या कागदासमोर रांग लावून उभे होते आणि सासरे प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगत होते. शेजारी वकीलसाहेब प्रत्येक वाक्याला हरकत घेत होते. दोघंही इतके खुशीत मी कधी बघितले नव्हते.

आणि मी? माझ्या कामगिरीची कदर झाली बरं का! मंडळानं मला तपासणी समितीवर घेतलंय. अट एवढीच आहे, की मी खोलीत असेपर्यंत चहासुद्धा कुणी आत आणायचा नाही.